भीती वाटते तेव्हा प्रार्थना कशी करायची: कामाचा क्रम

भायखळ्याला आमची घरगुती प्रार्थनासभा बुधवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होते. म्हणजे व्हायला हवी. खरी वेळ लोकल ठरवते. प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची वेळ आली की दर दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी तेच म्हणतं, "ताई, बायबलमधली इतकी वचनं पाठ केली, तरी छातीतली धडधड जात नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?"

विश्वासाचं मी काय सांगणार? पण मग मी विचारते, तुम्ही नेमकं काय केलंत, आधी काय, नंतर काय? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. भीती वाटली रे वाटली की वचन म्हणायला लागलो. कुकरची वाफ जायच्या आत झाकण ओढण्यातला हा प्रकार. वचन पाचव्या टप्प्यावर येतं. त्याआधीचे चार टप्पे गाळले की ते नुसतं तोंडात घोळत राहतं.

हा लेख रोजच्या भीतीसाठी आहे. अकरा महिन्यांचा करार संपत आलाय आणि घरमालक फोन उचलत नाही. शाळेतून 'भेटायला या' असा निरोप आलाय. रिपोर्ट उद्या मिळणार आहे. रात्रीचे साडेअकरा वाजले, मुलगा अजून घरी नाही. घरात कोणी मारहाण करत असेल, कोणी धमकावत असेल, तर तो खराखुरा धोका आहे. तिथे हा लेख बाजूला ठेवा, आधी 112 लावा आणि सुरक्षित जागी जा.

आधीची तयारी (भीती नसताना करायची)

चाळीत आग लागल्यावर बंबाचा नंबर शोधत बसत नाहीत. ही तयारी एखाद्या निवांत रविवारी, चर्चमधल्या उपासनेहून किंवा मिस्साहून (कॅथलिक उपासनेहून) आल्यावर करून ठेवा.

एक छोटी वही आणि पेन्सिल घ्या. छापील बायबल घ्या, मोबाइलमधलं नको. मोबाइलवर स्तोत्र उघडलं की वरून बँकेचा मेसेज टपकतो, आणि ज्याला घाबरत होतो तोच समोर हजर.

जागा ठरवा. वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहत असतील तर 'एकांताची खोली' वगैरे विसरा. आमच्यातल्या एक काकू रात्री ओटा पुसून झाला की तिथेच स्टूल ओढून बसतात. एक जण कल्याणहून येतो, त्याची जागा सकाळच्या गाडीतली खिडकी. ती मिळाली नाही तर फलाटावरचा बाक. जागा कोणतीही चालेल, पण रोज तीच असू द्या.

तीन उतारे आधीच वाचून ठेवा: स्तोत्र 56, मार्क 4:35-41 आणि फिलिप्पैकरांस पत्र 4:4-9. पाठ करण्याची घाई नको. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, आधी काय घडलंय, हे समजून घ्या. फिलिप्पैकरांना 'चिंता करू नका' असं लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा कैदेत होता, हे कळल्यावर ते वाक्य वेगळ्या आवाजात ऐकू येतं.

> तपासा: मार्कमधल्या त्या वादळात येशू नावेत कुठे होता, काय करत होता? (मागच्या बाजूला, उशीवर डोकं ठेवून झोपला होता.) हे न बघता सांगता आलं, तर तयारी झाली.

टप्पा 1: आधी शरीराकडे बघा

बायबलमधलं '1 राजे' हे पुस्तक, अध्याय 19. ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी दिल्यावर एलीया संदेष्टा पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणाला. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरवणारा हाच माणूस! देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. देवदूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर.

म्हणून आधी बघा: जेवलात का? काल किती तास झोप झाली? दिवसभरात चहा किती झाला? सकाळी सातच्या गाडीला निघून फक्त वडापाव आणि चार कटिंगवर संध्याकाळ काढलेल्या माणसाला भीती दुप्पट मोठी दिसते. आधी वरणभात खा.

मग श्वास. नाकाने आत घेताना मनात चार अंक, सोडताना सहा. सोडणं लांब ठेवलं की हृदयाचे ठोके हळूहळू उतरतात. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) एक फार जुनी, छोटी प्रार्थना आहे, ती श्वासाबरोबर म्हणता येते. आत घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा', सोडताना 'माझ्यावर दया कर'. ठोके उतरायला वेळ लागतो, दोन मिनिटांत सोडून देऊ नका. गाडीत, लिफ्टमध्ये, साहेबांच्या केबिनबाहेर कुठेही जमतं, आणि शेजारच्याला कळतही नाही.

> सावधान: छातीत दाब, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, घाम, धाप, मळमळ असं काही असेल तर 'भीतीच असेल' म्हणून प्रार्थना करत बसू नका. ताबडतोब दवाखान्यात जा आणि ईसीजी काढा. प्रार्थना रिक्षातही होते.

इथे माझीच फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मला सतत धडधड व्हायची, हात थरथरायचे, रात्री घाम सुटायचा, वजन उतरत होतं. तीन महिने मी 'भीतीच्या आत्म्या'विरुद्ध प्रार्थना केली, उपासही केले. शेवटी बहिणीने ओढत नेऊन रक्त तपासायला लावलं. रिपोर्टचं पाकीट आलं आणि मी ते न उघडता कपाटात, काठपदराच्या साडीखाली, चार दिवस ठेवलं. रोज त्या साडीवर हात ठेवून प्रार्थना करायची! पाचव्या दिवशी बहिणीनेच फोडलं. थायरॉइड वाढीव काम करत होतं. धडधड, थरथर, घाम, सगळं त्याचंच. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत हात स्थिर झाले. उपास केले तेव्हा शरीराला उलट जास्त खायला हवं होतं.

टप्पा 2: भीतीचं पूर्ण वाक्य लिहा

'टेन्शन आलंय' हे वाक्य वहीत चालणार नाही. 'मन अस्वस्थ आहे' हेही नाही. कोण, काय, कधी, किती, हे त्यात यायला हवं.

- 'पैशाची चिंता' असं लिहिलं असेल तर खोडा. लिहा: '10 तारखेला हप्ता जाणार आणि खात्यात सहा हजार कमी आहेत.'
- 'मुलाचं कसं होणार' खोडा. लिहा: 'गणितात तो दुसऱ्यांदा नापास झालाय आणि हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही.'

दुसऱ्या उदाहरणात काय झालं बघा. वरवर मुलाची भीती होती, वाक्य पूर्ण लिहिल्यावर खाली नवऱ्याची निघाली. असं फार वेळा होतं. पहिलं वाक्य लिहून झालं की त्याखाली 'आणि त्यामुळे' लिहून पुढे चला. 'आणि त्यामुळे घर सोडावं लागेल. आणि त्यामुळे गावी सगळ्यांना कळेल.' तीन-चार ओळींत तळ लागतो.

असं उघडं लिहिणं अविश्वासाचं वाटतं का? नावेतल्या शिष्यांनी येशूला उठवून सरळ विचारलं होतं की आपण बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का. त्याने त्यांना विश्वासाबद्दल विचारलं जरूर, पण आधी वारा शांत केला. स्तोत्र 13 'कुठवर?' याच प्रश्नाने सुरू होतं. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा जोडलेला नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

> तपासा: हे वाक्य अनोळखी माणसाने वाचलं तर त्याला काय झालंय ते कळेल का? कळणार नसेल तर परत लिहा.

टप्पा 3: वाटणी करा

वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारा, तीन रकाने होतील: आजचं, उद्याचं, माझ्या हातात नसलेलं. वरच्या वाक्यातला एकेक तुकडा त्यात टाका. मत्तय 6:34 मध्ये येशू म्हणतो, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे. आजचं दुःख नाहीच, असं तो म्हणालेला नाही. ते आजच्यापुरतं आहे, एवढंच.

मुंबईकरांसाठी पावसाचं उदाहरण घेते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री जे कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले, त्यांच्या पोटात आजही आभाळ भरून आलं की गोळा येतो. ही भीती खोटी म्हणायची सोय नाही. पण तिची वाटणी करता येते. आजचं: सकाळी एकदा हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ बघणे, मुलांना कोण आणणार ते ठरवणे, फोन चार्ज करणे, महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक 1916 लिहून ठेवणे. उद्याचं: या वर्षी पुन्हा तसंच झालं तर? माझ्या हातात नसलेलं: ढग.

चूक इथे होते: आजच्या रकान्यातली कामं करायची राहतात, आणि माणूस दिवसभर तिसऱ्या रकान्यासाठी मोबाइलवर पाण्याचे व्हिडिओ बघत बसतो. त्यातले निम्मे जुन्या पावसाचे असतात, हा भाग वेगळा.

टप्पा 4: कागद देवापुढे पसरून ठेवा

हा टप्पा सगळ्यात जास्त घाईत उरकला जातो, म्हणून इथे जरा थांबते.

2 राजे, अध्याय 19. अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या दूतांनी यरुशलेमच्या हिज्कीया राजाला धमकीचं पत्र दिलं. त्याने ते वाचलं, घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवलं. मग प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत क्रम आहे. आधी तू कोण आहेस ते म्हटलं: आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा. मग संकट आहे तसं मांडलं. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उद्ध्वस्त केली हे खरं आहे, असं तो कबूल करतो. शेवटी मागणी, एका वाक्यात: आम्हाला वाचव.

तुम्हीही तसंच करा.

1. वही उघडी ठेवा, तळवे वर करून मांडीवर ठेवा. मुठी आवळलेल्या असतात, ते आपल्या लक्षातही येत नाही.
2. देव कोण आहे ते एका वाक्यात मोठ्याने म्हणा. घरात माणसं असतील तर पुटपुटा, पण ओठ हलू द्या.
3. लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं वाचा. देवासाठी सजवून सांगू नका.
4. एक मागणी करा. एकच.
5. आज मिळालेल्या एका गोष्टीचे आभार माना. फिलिप्पैकरांस 4:6 मध्ये मागणी 'आभारप्रदर्शनासह' करायला सांगितलंय, आणि नेमका तोच शब्द आपण गाळतो.
6. 'माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे' म्हणा. हे म्हणायला जड गेलं तर तसं सांगा. गेथशेमाने बागेत येशूने तीच प्रार्थना तीनदा केली.

एवढ्याला पाच-सात मिनिटं लागतात. त्यापुढे लांबलं तर बहुधा डोळे मिटून चिंताच चाललेली असते. 'प्रभू, ते असं म्हणाले तर मी काय करू, आणि मग त्यांनी तसं केलं तर...' हे बोलणं देवाशी चाललेलं नसून घरमालकाशी चाललेलं असतं. लक्षात आलं की थांबा, पायरी 2 वर परत या.

'भीती काढून टाक' हीच मागणी चाळीस वेळा करणाऱ्यांना सांगायचंय: तुम्ही चाळीस वेळा भीतीकडेच बघितलंत. मागायचं असेल तर नेमकं मागा: उद्या अकरा वाजता केबिनमध्ये खरं बोलायला शब्द दे.

आणि सौदा करू नका. 'हे झालं तर नऊ बुधवार माहीमच्या चर्चला नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना), नाहीतर...' मी कॅथलिक नाही, पण माझ्या वांद्र्याच्या मैत्रिणीचंही म्हणणं हेच आहे की मेणबत्ती आभाराची असावी, अडवणुकीची नको.

टप्पा 5: आता वचन, आणि एकच

आता वचन घ्या. एक आठवडा, एक वचन. यशया 41:10 मधलं 'तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे' हे सुरुवातीला सोपं जातं. त्यात 'कारण' कुठे आहे बघा. 'कारण संकट येणार नाही' असं म्हटलेलं नाही. म्हणताना 'कारण' या शब्दावर थांबा.

वचन ताईत नाही. रोज फूटबोर्डवर लटकत जाणारा एक मुलगा मला म्हणाला होता, "ताई, मी स्तोत्र 91 म्हणतो, मला काही होणार नाही." मी त्याला मत्तयचा चौथा अध्याय उघडायला लावला. मंदिराच्या शिखरावर सैतानाने येशूला 'खाली उडी टाक' म्हणताना देवदूत तुला झेलतील असं जे वचन सांगितलं, ते याच स्तोत्रातलं आहे! येशूने उडी मारली नाही. तो मुलगा आता एक गाडी सोडतो, असं म्हणतो. मी काही बघायला गेलेली नाही.

> सावधान: 'भिऊ नको हे शब्द बायबलमध्ये 365 वेळा आहेत, रोज एक' असा मेसेज फिरतो. मोजून बघा, भरत नाहीत. पुढे पाठवू नका.

टप्पा 6: चोवीस तासांत एक काम

नहेम्या यरुशलेमची भिंत बांधत असताना शत्रू चालून येणार अशी बातमी आली. नहेम्याचं पुस्तक, अध्याय 4, ओवी 9: त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. एकाच वाक्यात दोन्ही.

आजच्या रकान्यातून सगळ्यात छोटं काम उचला. पाकीट फोडणे. घरमालकाला फोन लावणे. बँकेत जाऊन हप्त्याची तारीख पुढे ढकलता येते का विचारणे. भीती गेल्यावर करू, असं म्हणाल तर ते काम गुढीपाडव्यापर्यंत राहील. धडधडत्या छातीनेच करायचं.

फोन लावण्याआधी काय बोलायचं ते दोन ओळींत लिहून घ्या. रिंग वाजत असताना नहेम्यासारखी एका श्वासाची प्रार्थना करा. तो ज्याच्या चाकरीत होता त्या राजाने 'काय हवंय?' विचारलं आणि उत्तर देण्याआधी त्याने तेवढ्यात प्रार्थना करून घेतली होती (2:4). फोन उचलला नाही तर मेसेज करा आणि वहीत वेळ लिहा. काम झालं, असं धरा. समोरच्याचं उत्तर तिसऱ्या रकान्यात जातं.

टप्पा 7: एका माणसाला सांगा

गेथशेमानेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतलं आणि आपला जीव किती कासावीस झालाय ते त्यांना सांगितलं. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. पण त्याने सांगितलं.

माणूस निवडताना जपा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अर्जंट प्रार्थनेची विनंती' टाकली की संध्याकाळपर्यंत माटुंग्याच्या मावशीपासून नाशिकच्या आत्यापर्यंत सगळ्यांना कळतं आणि नवी भीती सुरू होते. ऐकून पोटात ठेवणारा एकच माणूस हवा: पाळकसाहेब, फादर, शेजारीण, कोणीही. 'तुझा विश्वास कमी पडतोय' असं पहिल्याच वाक्यात म्हणणाऱ्याला वगळा. त्या बागेत ज्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला, त्या येशूला, कोणी असं म्हटलं नसतं.

दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामावर जाणं अवघड झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक 14416. तिथे मराठीत बोलता येतं. मरण्याचे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि त्या रात्री एकटे राहू नका. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं वाटत असेल तर पौलाचा सोबती लूक वैद्य होता, हे कलस्सैकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात वाचा.

टप्पा 8: रात्रीची नोंद

तीन ओळी पुरेत. आज कशाला घाबरलो, काय केलं, प्रत्यक्षात काय झालं. तिसरी ओळ महत्त्वाची. महिनाभराने मागची पानं चाळलीत तर दिसेल की भीतीने सांगितलेलं आणि घडलेलं यांत बरंच अंतर होतं. काही पानांवर मात्र घडलेलं जास्त वाईट असेल. तेही लिहा, आणि त्या दिवशी कोण धावून आलं, ते त्याखाली लिहा.

काही पानं बंद होत नाहीत. माझ्या वहीत मुलाच्या रात्रपाळीचं पान गेल्या पावसाळ्यापासून उघडं आहे. त्यावर रोज फक्त तारीख घालते.

एकच वाक्य तीन आठवडे जसंच्या तसं येत राहिलं तर टप्पा 2 वर परत जा. बहुधा खालचं वाक्य अजून लिहिलेलं नसतं. तिथेही काही सापडलं नाही तर टप्पा 1 वर जा आणि रक्त तपासून घ्या. रिपोर्टचं पाकीट त्याच दिवशी फोडा.